कान आपले, नाद कोणाचा?

‘नाद’ या शब्दाचे दोन अर्थ मराठीने जपले आहेत. एक ध्वनीचा, दुसरा व्यसनाचा. देवळातील घंटेचा नाद निराळा आणि मुलाला लागलेला नाद निराळा. व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपल्या घरांत, शाळांत आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांत या दुसऱ्या नादाचीच चर्चा होते. मुलगा किती तास खेळला, डोळ्यांचे काय झाले, अभ्यासाचे काय झाले, वडिलांच्या खात्यातून किती पैसे गेले! ही चिंता खोटी नाही आणि तिची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु पहिल्या नादाविषयी, म्हणजे त्या खेळातून तासन्‌तास मुलांच्या कानांवर पडणाऱ्या संगीताविषयी आपला सुशिक्षित समाज मौन पाळून आहे.

वास्तविक पाहता हे मौन आश्चर्यकारक आहे. संगीत म्हणजे मनावरील संस्कार, हे आपण उठल्याबसल्या सांगत असतो. पहाटेची भूपाळी, सायंकाळची शुभंकरोती, आजीच्या तोंडची ओवी यांनी पिढ्या घडविल्या, हे आपल्या भाषणांतील हुकमी वाक्य आहे. मग आज दहा-बारा वर्षांच्या मुलाने जे संगीत कोणत्याही गायकाच्या ध्वनिमुद्रिकेपेक्षा अधिक वेळ ऐकलेले असते, ते कोणी रचले, कोणत्या परंपरेतून आले, चांगले की सुमार, याची विचारपूस आपण का करीत नाही? नाटकाला समीक्षक आहे, चित्रपटाला आहे, मैफलीलाही आहे. या संगीताला मराठीत समीक्षक नाही म्हटले तरी चालेल. आणि ज्या कलेची समीक्षा होत नाही, त्या कलेच्या बाजारात समाज केवळ गिऱ्हाईक म्हणून उरतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे.

जपानने काय केले?

२३ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा झाला. राष्ट्रांची पथके मैदानात येत असताना कोणते संगीत वाजवावे, हा यजमान देशाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असतो. जपानजवळ गागाकू हे हजार वर्षांहून जुने दरबारी संगीत होते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात जगन्मान्य झालेले संगीतकार होते. संचलनासाठी जपानने निवडले ते व्हिडिओ गेमचे संगीत. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या खेळाच्या नांदीने संचलनास प्रारंभ झाला. पुढे ‘फायनल फँटसी’, ‘क्रोनो ट्रिगर’, ‘सॉनिक’, ‘मॉन्स्टर हंटर’ अशा खेळांतील रचना वाजत राहिल्या. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग यांच्या हाती तिरंगा असलेले आपले पथकही याच संगीतमालेच्या साथीने मैदानात उतरले. ते पाहताना आपला ऊर भरून आला. पण कानांवर पडणारे ते संगीत कोणाचे, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांना पडला?

‘ड्रॅगन क्वेस्ट’चे संगीतकार कोइची सुगियामा. १९३१ साली जन्मलेले हे गृहस्थ दूरचित्रवाणी, जाहिराती आणि लोकप्रिय गीते यांच्या क्षेत्रात नाव मिळवून बसलेले होते. १९८६ साली हा खेळ आला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. प्रतिष्ठा मिळालेला माणूस मुलांच्या खेळासाठी संगीत रचतो, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पुढच्याच वर्षी टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये त्या संगीताची मैफल झाली आणि वाद्यवृंदाचे संचालन स्वतः सुगियामांनी केले. २०२० साली जपान सरकारने त्यांना सांस्कृतिक कार्यासाठी गौरविले. ऑलिंपिकनंतर दोन महिन्यांनी, ३० सप्टेंबर २०२१ रोजी, त्यांचे निधन झाले. पस्तीस वर्षांपूर्वी खेळण्याच्या पेटीत वाजलेली धून राष्ट्राची नांदी झाल्याचे पाहून ते गेले.

अमेरिका आणि ब्रिटनचेही उदाहरण घ्या. ‘सिव्हिलायझेशन ४’ या २००५ सालच्या खेळासाठी ख्रिस्तोफर टिन यांनी स्वाहिली भाषेत रचलेल्या ‘बाबा येतू’ या प्रार्थनागीताला २०११ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०२२ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्स या विख्यात संगीत महोत्सवात, गेम संगीताला प्रथमच स्वतंत्र मैफलीचा मान मिळाला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिठेवा म्हणून जपावयाच्या मुद्रणांच्या यादीत २०२३ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची धून घेतली, तर २०२५ साली ‘माईनक्राफ्ट’चे संगीत घेतले. कॅनडातील अभ्यासक कॅरन कॉलिन्स यांचा ‘गेम साउंड’ हा ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि २०२०पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाची प्रकाशनसंस्था या एकाच विषयाला वाहिलेले संशोधनपर नियतकालिक काढू लागली. म्हणजे निर्मिती, सादरीकरण, जतन आणि समीक्षा या चारही पायांवर हा विषय तेथे उभा आहे. आपण मात्र अजून ‘त्या पेटीचा आवाज कमी कर’ एवढ्यावरच थांबलो आहोत.

या संगीताचे शास्त्र

हे संगीत म्हणजे यंत्राची पिपाणी, असा ज्यांचा समज आहे त्यांनी त्याची घडण थोडी समजून घ्यावी. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला. आकाशातून रांगांनी उतरणारे शत्रू आणि त्यांच्या पावलांबरोबर वाजणारे चार उतरते खर्जाचे स्वर. बस्स, एवढेच संगीत! पण शत्रू जसजसे जवळ येत, तसतशी त्या चार स्वरांची लय वाढत जाई आणि खेळणाऱ्याच्या छातीची धडधडही. चित्रपटात प्रेक्षक काहीही करो, संगीत ठरलेल्या क्षणी ठरलेलेच वाजते. येथे प्रथमच खेळणाऱ्याच्या कृतीवर संगीताची लय ठरू लागली.

१९८५ साली कोजी कोंडो यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चे संगीत केले. यंत्रात दोन चौकोनी लहरींचे आवाज, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि ध्वनिमुद्रित नमुन्यांसाठी एक अगदी मर्यादित वाट, एवढीच सामग्री. चित्रे, नियम आणि संगीत मिळून अवघा खेळ ४० किलोबाईटमध्ये बसवायचा होता. आज भ्रमणध्वनीवर येणारे एखादे सुविचाराचे चित्रही याहून मोठे असते. या तुटपुंज्या सामग्रीत जी धून रचली गेली ती चाळीस वर्षांनीही जगभरचे लोक गुणगुणतात. मैदानात एक चाल, जमिनीखाली दुसरी, पाण्यात तिसरी. आणि वेळ संपत आली की तीच चाल दुगुणीत गेल्यासारखी धावू लागते. मर्यादा हीच कलावंताची कसोटी असते, हे एकतारी आणि चिपळ्यांवर संतवाणी पोचविणाऱ्या महाराष्ट्राला कोणी सांगावयास हवे काय?

यापुढचा टप्पा तर आपल्या संगीतकारांनी अवश्य अभ्यासावा असा आहे. १९९१ साली अमेरिकेतील लुकासआर्ट्स या संस्थेत मायकेल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी ‘आयम्यूज’ नावाची पद्धती तयार केली. खेळणारा एका जागेतून दुसऱ्या जागेत केव्हा जाईल हे संगीतकाराला ठाऊक नसते. चाल मध्येच तोडली तर कानाला ठेच लागते. म्हणून यंत्रालाच असे शिकविले की चालू चालीतील योग्य जागा येईपर्यंत थांबायचे, जोडस्वरावली वाजवायची आणि मग नव्या चालीत शिरायचे. ज्याने तबलजीला नर्तिकेच्या पावलांकडे पाहत तिहाई घेऊन समेवर येताना पाहिले आहे, त्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. पाश्चात्त्य सिंफनीला ठरलेला आरंभ असतो, ठरलेला शेवट असतो. खेळाला असे संगीत हवे की जे आवर्तनाने कितीही वेळ फिरत राहील आणि कोठूनही वळविता येईल. आवर्तन, ठेका, बढत, समेची ओढ ही आपल्या संगीताची मूळ रीतच आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ध्रुवागानाचे पाच प्रकार सांगितले आहेत. पात्राच्या प्रवेशाची प्रावेशिकी, जाण्याची नैष्क्रामिकी, चालू भावाला एकाएकी धक्का देऊन नवा रस आणणारी आक्षेपिकी, विस्कटलेले चित्त पुन्हा प्रसन्न करणारी प्रासादिकी आणि प्रयोगातील मोकळी जागा भरून काढणारी आंतरा. गेमच्या संगीतकाराला नेमकी हीच पाच कामे करावी लागतात. शत्रू प्रकटला, संकट टळले, यंत्र पुढचा प्रदेश सिद्ध करीत आहे तोवर काही वाजत राहिले पाहिजे! म्हणून भरताने व्हिडिओ गेम शोधले असे म्हणणे हा बालिशपणा होईल. सांगावयाचे एवढेच की या कलेचे मूल्यमापन करण्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या घरात धूळ खात पडली आहे, आणि तिला हात लावण्याचे कष्ट आपण घेतलेले नाहीत.

शान्शीचा शाहीर

परंपरा नुसती असणे निराळे आणि ती कामास लावणे निराळे. हा फरक आपल्या शेजाऱ्याने अलीकडेच दाखवून दिला. २० ऑगस्ट २०२४ रोजी चीनमधील गेम सायन्स या संस्थेचा ‘ब्लॅक मिथ : वूकाँग’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि निर्मात्यांनी दिलेल्या आकड्यानुसार तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती विकल्या गेल्या. सोळाव्या शतकातील ज्या चिनी कादंबरीवर तो आधारलेला आहे, तिचा यात्रिक म्हणजे आपल्या शालेय पुस्तकांतील ह्यू-एन-त्संग. नालंदेत शिकलेला, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन येथील माणसांचा स्वाभिमान नोंदवून गेलेला तोच प्रवासी. कादंबरीत त्याच्या सोबतीला सुन वूकाँग हा पराक्रमी वानर आहे. खेळ या वानराच्या कथेचा आहे.

या खेळाच्या दुसऱ्या पर्वात, पिवळ्या वाळूच्या ओसाड प्रदेशात, एक शिर नसलेला भिक्षू बसलेला दिसतो. त्याच्या हाती सान्शियान हे तीन तारांचे वाद्य आहे आणि तो खड्या, रांगड्या आवाजात त्या प्रदेशाची कथा गाऊन सांगतो. ही गायकी म्हणजे चीनच्या उत्तर शान्शी भागातील कथागायनाची लोककला. पिढ्यान्‌पिढ्या अंध कलावंतांनी गावोगाव फिरून ती जपली. २००६ साली चीनने तिला राष्ट्रीय वारशाच्या सूचीत घेतले. परंतु सूचीत घेतल्याने कला जगतेच असे नाही. त्या खेळाने तिला कोट्यवधी तरुणांच्या कानांत नेऊन बसविले. तिचे पाश्चात्त्य कानांसाठी सोपे रूप केले नाही, तिच्यावर ठोकळेबाज ताल चढविला नाही, बोलीही बदलली नाही. जगाला समजून घ्यायचे असेल तर जगाने कान द्यावेत, हा त्यामागील आत्मविश्वास होता. त्याच खेळात १९८६ सालच्या चिनी दूरचित्रवाणी मालिकेचे, शू जिंगचिंग यांनी रचलेले शीर्षकसंगीतही नव्या रूपात अवतरते. म्हणजे आजोबांची लोककला आणि वडिलांच्या बालपणीची धून, दोन्ही नातवाच्या हाती एका खेळात सोपविली गेली.

चिनी राज्यव्यवस्थेविषयी आपली मते काहीही असोत. या बाबतीत त्यांच्यापासून शिकण्यात कमीपणा नाही. हा नियम रशियन धुनेलाही लागू पडला होता. ‘कोरोबेइनिकी’ हे फेरीवाल्यांचे रशियन लोकगीत. अलेक्सेई पाजित्नोव यांच्या ‘टेट्रिस’ या खेळाच्या १९८९ सालच्या गेम बॉय आवृत्तीत त्याची चाल घेतली गेली आणि ज्यांनी रशियाचा नकाशाही पाहिला नव्हता त्या मुलांच्या ओठांवर ती बसली. एखादी लोकधून जगभर पोचवावयाची असेल तर यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ वाहन आज तरी दुसरे दिसत नाही.

आणि आपण?

आता आपल्याकडे वळू. १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर २’ या जपानी खेळात भारताचा प्रतिनिधी म्हणून ढालसीम नावाचा योगी आहे. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आगीचे लोळ, मागे रांगेने उभे हत्ती. त्याच्या प्रवेशाची चाल रचणाऱ्या योको शिमोमुरा या गुणी संगीतकार आहेत. पण ती चाल ‘पौर्वात्य’ वाटावी एवढ्याच बेताची आहे. तीन दशके जगभरच्या मुलांनी भारत म्हणून हे पाहिले आणि ऐकले. आपण त्यावर रागावलो असतो तरी एक वेळ चालले असते. आपण पाहिलेच नाही.

२०१७ साली ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ आला. त्याची कथा घडते आपल्या पश्चिम घाटात. होयसळांची वैभवशाली शिल्पे आणि गणेशाचा सुळा यांभोवती ती फिरते. हा खेळ कॅलिफोर्नियात तयार झाला आणि संगीत दिले ब्रिटिश संगीतकार हेन्री जॅकमन यांनी. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. सह्याद्रीची गोष्ट सांगावी असे त्यांना वाटले. आपल्याला वाटले नाही, हा दोष कोणाचा?

यावर कोणी म्हणेल की आपल्याकडेही प्रयत्न झाले. होय, झाले, आणि त्यांतील सर्वाधिक गाजलेला प्रयत्न आपल्या पुण्यातला आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या संस्थेने २०२० साली ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ जगासमोर आणला. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडणारी, धाकट्या भावाला सोडविण्यासाठी असुरांशी लढणाऱ्या मुलीची ही कथा. राजस्थानी वास्तुकलेची त्यातील चित्रे पाहून परदेशी परीक्षकांनी माना डोलावल्या. २०१७ साली या मंडळींनी लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न केला होता तो अपुरा पडला. तरीही त्यांनी काम तडीस नेले. त्यांच्या जिद्दीस नमस्कारच केला पाहिजे. पण या भारतीय पुराणकथेचे संगीत कोणी दिले? लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने. त्यांनी भारतीय वाद्ये अभ्यासपूर्वक वापरली, मन लावून काम केले, त्याबद्दल त्यांचे आभार. प्रश्न आपल्याला विचारला पाहिजे. ज्या पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्री जागवीत असे, ज्या पुण्यात गल्लीगल्लीत गायन-वादनाचे वर्ग आहेत, त्या पुण्याच्या संगीतक्षेत्राने या खेळाचे संगीत आपल्या अंगणातले मानले होते काय? आपल्या शहरात असा खेळ तयार होत आहे, हे तरी त्याच्या कानी आले होते काय?

याच्या शेजारी तमिळ बांधवांचे एक उदाहरण ठेवतो. कॅनडातील टोरंटोमध्ये तयार झालेला ‘वेंबा’ हा २०२३ सालचा छोटेखानी खेळ. परदेशी स्थायिक झालेले तमिळ कुटुंब, आईचे फाटलेले पाककृतींचे पुस्तक आणि भाषेपासून दुरावत चाललेला मुलगा, एवढीच त्याची कथा. स्वयंपाकघरातला रेडिओ लागला की निरनिराळ्या दशकांतील तमिळ चित्रपटगीतांच्या वळणाची, या खेळासाठी नव्याने रचलेली तमिळ गाणी वाजू लागतात. युद्ध नाही, राक्षस नाही. इडली बिघडू नये हीच खेळणाऱ्याची कसोटी! या खेळाला २०२४ साली ब्रिटिश अकादमीचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. मराठी कुटुंबेही टोरंटोत आहेत, न्यू जर्सीत आहेत, लंडनमध्ये आहेत. त्यांच्याही घरी पुरणपोळी होते, त्यांचीही मुले मराठी विसरत आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरातील रेडिओ अद्याप कोणी लावलेला नाही.

तीन पळवाटा

या प्रश्नापासून सुटण्यासाठी तीन पळवाटा हमखास वापरल्या जातात. पहिली प्रतिष्ठितांची : ‘हे कसले संगीत?’ या मंडळींना मराठी इतिहासाचे स्मरण करून द्यावेसे वाटते. बोलपट आला तेव्हा तोही हलकाच मानला जात होता. तरीही गोविंदराव टेंब्यांनी १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ला संगीत दिले. केशवराव भोळ्यांनी ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’चे, मास्टर कृष्णरावांनी ‘माणूस’ आणि ‘शेजारी’चे संगीत केले. ही मंडळी संगीतात कोणापेक्षा उणी नव्हती. विशेष म्हणजे केशवराव भोळे स्वतः मर्मज्ञ संगीतसमीक्षक होते. ज्या हाताने समीक्षा लिहिली त्याच हाताने चाली बांधल्या. नव्या माध्यमाला त्यांनी नाक मुरडले असते तर मराठी बोलपटाचा तो सुवर्णकाळ उगवला असता काय?

दुसरी पळवाट उद्योगवाद्यांची. त्यांना या क्षेत्रात कोटींची उलाढाल दिसते, रोजगार दिसतो, परकीय चलन दिसते. मुंबईत ॲनिमेशन व गेमिंगसाठी राष्ट्रीय केंद्र उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, हे स्वागतार्हच आहे. परंतु परदेशी कंपन्यांसाठी झाडे, दगड आणि भिंती रंगवून देणारे कुशल हात तयार करणे म्हणजे कलानिर्मिती नव्हे. सांगकाम्याला मजुरी मिळते. गोष्ट सांगणाऱ्यालाच मान मिळतो.

तिसरी पळवाट आपल्याच माणसांची आहे आणि म्हणून ती अधिक परखडपणे सांगितली पाहिजे. खेळात एखादे देऊळ दिसले, पार्श्वभूमीला ओंकार घुमला, सतारीची एक तान वाजली की आपण धन्य होतो आणि ‘आपली संस्कृती जगभर पोचली’ असे संदेश एकमेकांस पाठवितो. इलेक्ट्रॉनिक ठोक्यांवर मंत्र चिकटविल्याने संगीत भारतीय होत नाही. मंत्राला छंद आहे, उच्चार आहे, प्रसंग आहे. तो राक्षसाच्या हाणामारीत रंगभरणासाठी नाही. सुमार कलाकृती केवळ आपल्या विषयावर आहे म्हणून तिला डोक्यावर घेणे, हा विषयाचाच अपमान आहे. परकीय खेळातील ढालसीमवर जो नियम लावायचा, तोच स्वदेशी खेळावरही लावला पाहिजे.

समीक्षेचे निकष

मग या संगीताची परीक्षा कशी करावी? चार साधे प्रश्न विचारता येतील. पहिला, हे संगीत खेळणाऱ्याच्या कृतीला उत्तर देते की त्याला गळ लावते? जुगाराच्या यंत्रांत लावलेल्या पैशापेक्षा कमी परत मिळाले तरी विजयाची घंटी वाजते; माणूस हरत असतो आणि कान त्याला जिंकल्याचे सांगत असतात. भ्रमणध्वनीवरील पुष्कळ फुकट खेळांनी ही युक्ती उचलली आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. कायद्याने जुगार आणि खेळ यांत भेद केला. कानाने असा भेद करायला शिकविणे हे समीक्षेचे काम आहे.

दुसरा प्रश्न, या संगीताला गप्प बसता येते काय? ‘माईनक्राफ्ट’मध्ये डॅनियल रोझेनफेल्ड यांची पियानोची मंद धून अधूनमधूनच उमटते आणि मग दीर्घ शांतता पसरते. मूल एकटे घर बांधीत असते आणि त्या शांततेतही संगीताचा भाव टिकून राहतो. तिसरा, ज्या भूमीचा ध्वनी घेतला तिच्याशी हे संगीत प्रामाणिक आहे की तिची चव तेवढी उसनी आणली आहे? आणि चौथा, खेळ बंद झाल्यावर मनात काय उरते : अस्वस्थ खाज, की एखादी ओळखीची झालेली धून? हे चार प्रश्न कोणताही पालक आपल्या मुलाशेजारी बसून विचारू शकतो. त्यासाठी यंत्राचे ज्ञान लागत नाही. कान लागतो आणि अर्धा तास लागतो.

हे करता येण्यासारखे आहे

केवळ खंत व्यक्त करून थांबणे या लेखाला शोभणार नाही. मराठी नियतकालिकांनी चित्रपटाप्रमाणे खेळांचीही परीक्षणे छापावीत आणि त्यांत संगीताला स्वतंत्र परिच्छेद द्यावा. विद्यापीठांच्या संगीत विभागांनी हा विषय निदान एका प्रश्नपत्रिकेपुरता तरी अभ्यासक्रमात घ्यावा. मुंबईत उभ्या राहणाऱ्या केंद्राच्या धुरीणांनी चित्रकार आणि संगणकतज्ज्ञ यांच्या पंक्तीला संगीतकारालाही पाट मांडावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्या लोककलावंतांकडे जावे. गोंधळ्याचे संबळ, वासुदेवाच्या चिपळ्या, शाहिराचा डफ आणि तुणतुणे, धनगरांचे गजढोल, भराडी गायकाचा डौर. रात्र रात्र चालणारी, श्रोत्यांचा रंग पाहून वळण घेणारी ही कला खेळाच्या रचनेला किती जवळची आहे! पण हे ध्वनिमुद्रण ‘नमुने’ गोळा करण्यासाठी नको. कलावंताचे नाव श्रेयनामावलीत असावे, मोबदला ठरवून द्यावा, आणि कोणता सूर कोणत्या प्रसंगाचा हे त्याच्याच तोंडून समजून घ्यावे. शान्शीच्या कथागायकाला जो मान मिळाला, तो जेजुरीच्या वाघ्याला आणि तुळजापूरच्या गोंधळ्याला का मिळू नये?

काळ कोणासाठी थांबत नाही. संबळ वाजविणारी बोटे थकत चालली आहेत आणि मुलांच्या कानांतील जागा रोज भरत चालली आहे. मुलाच्या हातून खेळ हिसकावून घेणे सोपे आहे. त्याच्या हाती आपला, तोलामोलाचा खेळ देणे कठीण. पण ज्या समाजाला ‘नाद’ या एका शब्दात मोहाची भीती आणि ब्रह्माची ओळख दोन्ही साठविता आली, त्याला हे कठीण काम पेलू नये असे नाही. आरंभ ऐकण्यापासून करावा. आज सायंकाळी घरातला मुलगा खेळावयास बसेल तेव्हा ‘आवाज कमी कर’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि त्याला विचारावे, ‘बाळ, हे कोणी रचले आहे?’